साहेब यायच्या आधी

श्रावणात कोणी रंगकाम काढत नाही. भिंती ओल्या, हवा ओली, त्यात ब्रश फिरवला तर रंग वाळत नाही, नुसता चिकटून राहतो. ही गोष्ट लहान पोरालाही कळते. पण आमच्या अपार्टमेंटमध्ये सगळे मोठे आहेत, शिकलेले आहेत, त्यामुळे या वर्षी ऐन झडीत आमच्या जिन्याला आणि खालच्या पार्किंगला पिस्ता रंग लागला. शाळेतून दमूनभागून यावं तर जिन्यात ऑइल पेंटचा वास कोंडलेला. ओली छत्री कुठे टेकवायची सोय नाही. जागोजागी पाठकोऱ्या कागदांवर सूचना: "रंग ओला आहे. हात लावू नये."

झड म्हणजे आमच्या विदर्भातला तो चिवट पाऊस. धो धो कोसळत नाही, पण थांबतही नाही. दिवसचे दिवस आभाळ खाली आलेलं असतं, गोधड्यांना कुबट वास सुटतो, काडीपेटीतल्या काड्या पेटत नाहीत आणि माणसं एकमेकांवर विनाकारण खेकसतात. मी तर उन्हातही खेकसते, तेव्हा झडीत माझ्या घरच्यांचे काय हाल होत असतील ते त्यांनाच विचारावं.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं एक तालुक्याचं ठिकाण, एवढं पुरे. नाव लिहिलं तर आमचे सेक्रेटरी काका म्हणतील, "मॅडम, तुम्ही बिल्डिंगची इज्जत काढली." आणि त्यांचं काही चुकणार नाही.

त्या रंगाच्या वासात माय जिना उतरत होती. माय माझ्याकडे राहायला आली त्याला आता काही वर्षं झाली. दुपारी तिला घरात करमत नाही. खाली पार्किंगमध्ये, मीटरच्या पेट्यांजवळ, एक प्लास्टिकची खुर्ची टाकून ती बसते. शेजारी पाण्याची बाटली, हातात निवडायला काहीतरी. येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलते. निम्म्या बिल्डिंगला माझं नाव माहीत नाही, पण मायला सगळे ओळखतात. तर ती नाकाला पदर लावून उतरता उतरता थांबली आणि मला म्हणाली, "कायले रंगवून राह्यले व हे, पान्यापावसात?"

मी म्हटलं, "नगर परिषदेचे साहेब येनार आहेत उद्या. पाहनी कराले."

मायनं भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग "हं" म्हणाली आणि खाली गेली. त्या एका "हं"नं मला सरळ महागावच्या बाजूच्या आमच्या गावात नेऊन उभं केलं, रस्त्याच्या कडेला, एक भिंत नसलेल्या घरासमोर.

आमचं ते घर म्हणजे काही वाडाबिडा नव्हे. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, पुढे अंगण आणि अंगणाला लागून गावातून जाणारा डांबरी रस्ता. बाबा गेल्यावर माय तिथे एकटीच राहायची. थोडी जमीन होती, ती बटईनं दिलेली. माझं लग्न झालेलं, नोकरी इकडे. "तू इकडे ये" असं मी म्हणायची आणि "मंग घर कोन पाहीन?" असं ती म्हणायची. घर पाहायचं म्हणजे काय, तर सकाळी सडा, चुलीला पोतारा, सणावारी चुना. आमच्या मायचं घर असं लख्ख असायचं की पाहुणा चपला अंगणाच्या बाहेरच काढायचा.

पण रस्त्याच्या बाजूच्या भिंतीला भेग होती. कोनाड्याच्या कोपऱ्यातून निघालेली, वर आढ्याकडे गेलेली. आधी केसासारखी होती, मग त्यात नख जायला लागलं, मग बोट. मायनं त्यावर कॅलेंडर लावलं. पुढच्या वर्षी भेग कॅलेंडरच्या खालून डोकवायला लागली तेव्हा तिनं बाजाराच्या दिवशी जाऊन मोठं, देवाचं कॅलेंडर आणलं. मी सुट्टीत गेले की कॅलेंडर उचलून बघायची, आणि ती माझ्या हातावर हलकी चापट मारून म्हणायची, "राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची." आम्ही दोघी हसायचो. आता ते हसणं आठवलं की अंगावर काटा येतो.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायतीनं दवंडी दिली. ज्याचं घर पडाऊ असेल त्यानं नाव द्यावं, पंचायतीचे सचिव येऊन पाहणी करतील, धोकादायक निघालं तर घरकुलासाठी पुढे पाठवतील. मायनं नाव दिलं. हे तिनं कसं केलं कोण जाणे, कारण गावात कोणाकडे वाटीभर साखर मागायलाही तिचा पाय निघायचा नाही. मला फोनवर म्हणाली, "देल्लं बापा नाव. तूच मांगं लागली होती ना." मला बरं वाटलं. मी शाळेत, परीक्षेचे निकाल, बदल्यांच्या चर्चा, अशा सगळ्या रामरगाड्यात होते. एक काम मार्गी लागलं असं समजून मी ते डोक्यातून काढून टाकलं.

मग एक दिवस पुन्हा फोन आला. आवाज असा, की जणू लेकीला स्थळ पसंत पडलं.

"सचिव येऊन गेले वं. लय चांगला मानूस. उभ्या उभ्या चहा पेला. म्हने, काकू, अख्ख्या गावात असं घर नाही पाह्यलं म्या."

"अन् भेग? भेग दाखवली का?"

"दाखवली ना. पन आता दिसते कुठं थे? आदल्या दिवशी सारी भिंत बुजवली, पोतारली, अन् वरून चांगला निळीचा चुना मारला."

"माय! काहून मारला चुना?"

"काहून म्हंजे?" ती माझ्यावरच चिडली. "सायेब घरात येनार, अन् त्यायले तशी फाटकी भिंत दाखवू? लोक काय म्हनतीन?"

फोन ठेवल्यावर मी आधी हसले. नवऱ्याला सांगितलं, तोही हसला. डॉक्टरकडे जायचं म्हणून तापाची गोळी घेऊन, ताप उतरवून जाण्यातला प्रकार. मग हळूहळू हसू ओसरलं, कारण मला त्यात वेडेपणा शोधूनही सापडेना. माणूस घरी येणार असेल तर घर नीट करायचं, हे मला तिनंच शिकवलं होतं. आमच्याकडे कोणीही तेच केलं असतं. भेग ही आपल्या अंगावरची फाटकी चोळी, ती काय चारचौघांत दाखवायची असते? तिनं अर्ज केला होता तो घरासाठी. उघडं पडण्यासाठी नव्हता केला.

आणि सचिवांचं तरी काय? त्यांच्यावर मी पुढे खूप रागावले, पण तो वाईट माणूस नव्हता. त्यांच्याकडे कितीतरी गावं, प्रत्येक गावात कितीतरी घरं, वरून अहवालाची घाई. दारात उभं राहून नजर टाकायची. पसारा दिसला, घर काळवंडलेलं दिसलं, की धोकादायक. लख्ख दिसलं की सुस्थितीत. आमच्या शेजारच्या देविदासकाकांच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. शेळ्या, दोऱ्या, फवारणीचे पंप, सगळं एकात एक. भिंती मात्र दगडी, हत्तीनं धडक दिली तरी हलायच्या नाहीत. त्यांचं नाव धोकादायक घरांत लागलं. मायचं घर सुस्थितीत. मायला त्याचंही फार वाईट वाटलं नाही. "त्याले लाज नाही, म्हून त्याचं नाव लागलं," असं म्हणाली. एक बोट भिंतीवर टेकवलं असतं, एक टिचकी मारली असती, तरी आतून पोकळ आवाज आला असता. पण नव्या चुन्याला हात लावला तर हात पांढरा होतो. कोण लावेल?

त्या वर्षीची झड मला चांगली आठवते, कारण शाळेच्या वऱ्हांड्यात पोरींच्या छत्र्यांचं तळं झालं होतं. श्रावण सगळा ओला गेला. पोळा जवळ आला. आमच्याकडे जुनी माणसं सांगतात, झड सुरू असताना भिंतीला भिऊ नये, झड उघडली की भ्यावं. ओली माती एकमेकीला धरून असते. ऊन पडलं की सोडते.

ऊन पडलं त्या सकाळी माय गोधड्या वाळत घालायला अंगणात आली होती. म्हणून वाचली. मागे आवाज झाला, धूळ उडाली, आणि वळून पाहते तर रस्त्याकडची भिंत खाली बसलेली, कवेलू घसरलेले आणि चुलीवर उकळत असलेला वरणाचा गंज, म्हणजे पातेलं, रस्त्यावरून दिसतोय. हे तिनं मला नंतर सांगितलं. फोनवर एवढंच म्हणाली, "भिंत बसली. मी बरी हावो. सुट्टी नोको टाकू."

मी त्याच दुपारी एसटीनं गेले. बसमध्ये मी सचिवांसाठी एक भाषण तयार केलं. मुद्देसूद, धारदार, शाळेतल्या हेडमास्तरांना ऐकवते तसं. गावात उतरले तर माय फडा घेऊन माती झाडत होती. मोठी ढेकळं एका बाजूला रचलेली, फुटके कवेलू एका बाजूला, आणि देविदासकाका रस्त्यात उभे राहून ओरडत होते.

"वहिनी, हात नोका लावू म्हनलं ना! तलाठ्याचा पंचनामा होऊ द्या आधी. तुमी झाडून पुसून ठेवान, अन् थे येऊन म्हनतीन, कुठं पडलं?"

माय थांबली. फडा हातात तसाच. "म्हंजे असंच ठेवू?" तिनं मला विचारलं.

मी शिकलेली. मला नियम माहीत होता. मी म्हटलं, "हो माय. असंच ठेवा लागते."

तो एक ऋतूच वाटला. पोळ्याच्या आधीपासून महालक्ष्म्यांपर्यंतचा. तलाठी येईपर्यंत आम्ही पडलेल्या घराला हात लावला नाही. साऱ्या तालुक्यात भिंती पडल्या होत्या, तलाठी आज या गावात, उद्या त्या गावात. फोन केला की म्हणायचे, "येतो, येतो. पडलं तसंच ठेवा." मी रजा वाढवत गेले. आणि माझी माय, जिनं वर्षानुवर्षं एक भेग कॅलेंडरखाली झाकली होती, ती रस्त्याकडे उघड्या पडलेल्या घरात स्वयंपाक करत राहिली.

एक भिंत नसली की घराचं किती दिसतं! आम्हाला कल्पना नव्हती. मिठाची बरणी, दांडीवरचे लुगड्यांचे जोड, बाजेखालची पत्र्याची पेटी, बाबांचा काठी टेकवायचा कोपरा. माय रस्त्याकडे पाठ करून जेवायची. अंघोळीला देविदासकाकांच्या न्हाणीत जायची. आम्ही ताडपत्री लावली, पण वाऱ्यानं ती रोज उडायची, आणि उडाली नाही तरी तिच्यामागे काय आहे ते आता सगळ्यांना माहीत झालं होतं. लोक चांगले होते. येताजाता मुद्दाम दुसरीकडे पाहत जायचे, समोरच्या लिंबाच्या झाडाकडे वगैरे. ते जास्त लागायचं. कोणी टक लावून पाहिलं असतं तर मी भांडले तरी असते.

एसटी मात्र पाहायची. आमच्या घरासमोर रस्त्याला मोठा खड्डा होता, तिथे गाडी सावकाश व्हायची, आणि खिडक्यांमधून डोकी आमच्या स्वयंपाकघरात वळायची. एकदा मी चूल फुंकत बसले होते, डोळे धुरानं लाल, केस पिंजारलेले, आणि गाडीत माझ्या शाळेतली एक बाई. तिनं ओळखून हात केला. मी मान खाली घातली आणि फुंकत राहिले, जणू ती कोणा दुसरीला हात करत होती. मला माझ्या घराची लाज वाटली. आणि ती वाटली याची त्याहून जास्त वाटली. पण लाज काही अशी विचारून येत नाही, की बाई, तुला कशाची वाटलेली चालेल?

गंमत म्हणजे दार शाबूत होतं. चौकट, कडी, वरचं आंब्याच्या पानांचं वाळकं तोरण, सगळं जागच्या जागी. बाजूला बैलगाडी जाईल एवढं भगदाड, पण येणारा प्रत्येक जण दारासमोर उभा राहून कडी वाजवायचा आणि माय पदर सावरून दार उघडायची. दिवस मावळला की दाराला आतून कडी लावायची. मी एकदा म्हटलं, "माय, कायले?" तर म्हणाली, "सवय हाये वं."

पोळ्याच्या संध्याकाळी देविदासकाका बैलजोडी घेऊन दारावर आले. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरू. माय ताट घेऊन दारात आली, बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळी पुढे केली. एका बैलानं ती खाल्ली. दुसरा जरा हुशार निघाला. त्यानं दाराचा मान ठेवला नाही. मान वळवून भगदाडातून सरळ आत तोंड घातलं आणि परातीतल्या पोळ्यांवर ताव मारायला सुरुवात केली. सगळा मोहल्ला हसला. देविदासकाका लाजून दोरी ओढायला लागले. "घरोघरी मातीच्या चुली, वहिनी," असं काहीतरी समजूत काढल्यासारखं म्हणाले. मायही हसली. मग ताट ठेवायच्या निमित्तानं आत गेली, पण आत जायला आत उरलंच नव्हतं. तेव्हा ती देवघराच्या उभ्या राहिलेल्या भिंतीमागे गेली आणि तोंडाशी पदर धरून बराच वेळ तिथेच राहिली. मी बैलांच्या कपाळावरचं कुंकू पाहत बाहेर उभी होते. मला तिच्याजवळ जाता आलं नाही.

शेवटी तलाठी आले. मोटारसायकलवर मागे सचिव बसलेले. दोघांच्या पॅंटी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेल्या. तलाठ्यानं मोबाइल काढला, ढिगाऱ्याचे फोटो घेतले, देविदासकाकांना पंच म्हणून बोलावलं. सचिव ढिगाऱ्याजवळ उभे होते. त्यांच्या पायाशी मातीची ढेकळं पडली होती, आणि ज्या ढेकळांवर चुना शाबूत होता ती अजून निळीपांढरी, नवीकोरी दिसत होती. ते खाली पाहत होते. मला वाटलं, आता. आता ते भाषण. मी एक पाऊल पुढे झालेही.

तेवढ्यात तलाठी म्हणाला, "काकू, तुमी जरा ढिगाऱ्याजोळ उभ्या राहा. फोटोत घरमालक लागते."

माय पुढे आली. तिनं पदर डोक्यावर घेतला, मग वाकून पायाजवळचा एक उपडा पडलेला गंज उचलायला लागली. तलाठी म्हणाला, "राहू द्या, राहू द्या. तसंच पाह्यजे." ती सरळ झाली. फोटोसाठी उभी राहिली. आणि सचिवांकडे पाहून म्हणाली, "माफ करजा, साहेब. घर झाडलं नाही."

सचिवांनी मान वर केली नाही. तलाठ्याच्या मोबाइलचा आवाज झाला. मी पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं. ज्याची चूक होती त्याची क्षमा, जिचं घर पडलं ती मागत होती. आणि मनापासून मागत होती. पंचनाम्यात "अंशतः पडझड" असं लिहिलं गेलं. दोघं चहा न घेता गेले. मायनं फडा उचलला आणि अंधार पडेपर्यंत झाडत राहिली. महालक्ष्म्या त्या वर्षी देविदासकाकांच्या धोकादायक घरात बसल्या.

मी तेव्हापासून हा विचार करते, की लाज पाण्यासारखी उताराकडेच का धावते. ज्यानं टिचकी मारली नाही त्याच्याकडे ती थांबली नाही, ज्यानं अहवाल न वाचता सही केली असेल त्याच्याकडे ती गेली नाही, मधल्या सगळ्या टेबलांना वळसा घालून ती नेमकी मायच्या अंगणात येऊन साचली. पुष्कळ दिवस मला वाटायचं की हे खेड्यातल्या, जुन्या माणसांचं दुखणं आहे. आपण शिकलो, आपल्याला हक्क कळतात, आपण अर्जाखाली इंग्रजीत सही करतो. आपण भेग दाखवू.

आता या वर्षीची गोष्ट. मृगाच्या सुमारास आमच्या बिल्डिंगच्या वरच्या सज्ज्याचा एक तुकडा निखळून खाली उभ्या असलेल्या स्कूटीवर पडला. सीट फाटली. पाचच मिनिटं आधी त्या सीटवर दुसऱ्या मजल्यावरची मुलगी बसून फोनवर बोलत होती. सगळे घाबरले, सगळ्यांनी मिळून नगर परिषदेला अर्ज दिला. त्यावर काय झालं? एक नोटीस आली आणि आमच्याच फाटकावर चिकटवली गेली: इमारत धोकादायक असल्यास तातडीनं दुरुस्त करावी किंवा रिकामी करावी, काही हानी झाल्यास जबाबदारी सर्वस्वी राहणाऱ्यांची. आग लागली म्हणून ओरडावं आणि बंबाऐवजी चिठ्ठी यावी, की भाजल्यास आम्ही जबाबदार नाही. तरी त्यात शेवटी लिहिलं होतं, की इंजिनियर येऊन पाहणी करतील.

नोटिशीनं कोणी घाबरलं नाही. घाबरले ते ती फाटकावर दिसते म्हणून. पहिल्या मजल्यावर भाड्यानं यायला तयार झालेलं एक कुटुंब ती वाचून परत गेलं. सेक्रेटरी काकांनी मीटिंग घेतली. "आल्यागेल्याला दिसते. उद्या फ्लॅट विकायचा म्हटलं तर?" नोटीस खरवडून काढायची ठरलं. मग कोणीतरी म्हणालं, इंजिनियर येतील तेव्हा बिल्डिंग अशी कळकट दिसायला नको. मग पुट्टी आली, मग पिस्ता रंग. पार्किंगमध्ये मीटरच्या पेट्यांजवळचा पिलर फुगून फुटला होता, आतल्या सळया गंजून बाहेर आल्या होत्या, त्यावर पुट्टीचा जाड थर बसला. मीटिंगमध्ये मी होते. निळीचा चुना मला तिथेच आठवायला हवा होता. मी घड्याळाकडे पाहत होते, मला पेपर तपासायचे होते.

पाहणीच्या दिवशी सकाळी पाऊस थांबला आणि कोवळं ऊन पडलं. इंजिनियर आला. तरुण मुलगा, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, हातात फाइल. आम्ही सगळे पार्किंगमध्ये जमलो होतो, लग्नघरी व्याह्यांची वाट पाहतात तसे. कोणी तरी ट्रेमध्ये चहा आणि खारी आणली. तो जिन्यात डोकावला, वर मान करून सज्ज्याकडे पाहिलं, फिरून पार्किंगमध्ये आला.

"छान मेंटेन केली आहे हो बिल्डिंग," तो म्हणाला.

आणि आम्ही सगळे खुलून हसलो. मीसुद्धा. माझं हसू चेहऱ्यावर आलं तेव्हाच मला फोनवरचा तो आवाज ऐकू आला, "अख्ख्या गावात असं घर नाही पाह्यलं." त्याला फाइल उघडताना मी पाहत होते. बोलायला हवं होतं. स्कूटीवर बसणारी ती मुलगी माझ्या शेजारी उभी होती. पण सेक्रेटरी काका होते, शेजारी होते, रोज तोंडं पाहायची होती. माझं तोंड उघडलं नाही.

प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. माय उठली होती. पदर डोक्यावर नीट घेऊन ती पिलरपाशी गेली.

"साहेब, इथं हात लावा."

सेक्रेटरी काका घाईनं म्हणाले, "आजी, रंग ओला आहे तिथला."

"ओला हाये म्हूनच लावा," माय म्हणाली.

तो मुलगा अवघडला. म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं तसा हसत पुढे आला आणि पिलरवर तळवा टेकवला. माय म्हणाली, "दाबा." त्यानं दाबलं. पुट्टी आत गेली. त्याची बोटं आत गेली. मग एक मोठा पोपडा सुटून फरशीवर पडला, आणि मागे गंजलेल्या सळया दिसायला लागल्या, कुठे कुठे बोटाएवढ्याही न उरलेल्या. त्यानं हात मागे घेतला. तळव्यावर पिस्ता रंग, त्यावर लाल गंज. चहाचा ट्रे धरलेली बाई ट्रे धरून तशीच राहिली.

मायच्या आवाजाची पट्टी जराही वर गेली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. खुर्चीजवळची आपली पाण्याची बाटली उचलली, झाकण काढलं आणि त्याच्या हातावर धार धरली.

"हात धुवा, बापा," ती म्हणाली. "अन् मंग लिहा."

तो हात धूत होता, लालसर पाणी फरशीवरून आमच्याकडे येत होतं, आणि आम्ही सगळे शिकलेले लोक आपापल्या चपलांकडे पाहत उभे होतो.